मदत हवी आहे : लोहाराकडून शेतात वापरायला चाकू घडवून घ्यायचाय, त्याला नेमकं काय काय सांगायचं?

काजूबाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमची थोडी काजूची बाग आहे, बांधावर फणस नि चिव्याची (बारीक बांबूची) बेटं, कुंपणाला सगळी करवंदाची जाळी. नोकरी बेळगावात, त्यामुळं सुट्टीला जायचं नि हाताला लागेल ते काम उरकून यायचं असं चालतंय. आता मला कमरेला लावून बागेत फिरता येईल असा एक चाकू पाहिजे, बाजारातला तयार नको, लोहाराकडून घडवून घेतलेला पाहिजे. घरात कोयता आहे खरं तो मोठ्या फांदीला ठीक, बारीक कामाला मनगट भरून येतं. आणि स्वयंपाकघरातली सुरी चिव्याला लावली की वाकडी होते. ह्या दोन्हीच्या मधलं कायतरी पाहिजे.

काम म्हणाल तर काजूच्या बुडाकडच्या अंगठ्याएवढ्या फांद्या काढणं, टणटणी साफ करणं, चिवा तोडून त्याच्या उभ्या चिरफळ्या करणं (ह्याला पाठीवर लाकडाचा ठोकळा मारावा लागतो, म्हणजे पाठ मजबूत पाहिजे), सुतळी कापणं, नारळ सोलायला खुंटी तासणं, असलं सगळं. मागे एक ऑनलाइन मागवलेला स्टेनलेसचा जंगल नाइफ वापरला, कंपनीचं नाव घेत नाही, चिव्याच्या गाठीवर मारला की धार दुमडायची आणि मुठीचं रबर काजूच्या चिकानं चिकट होऊन सुटून आलं. म्हणून आता परत तसलं काही घ्यायचं नाही.

बैलहोंगलच्या वाटेवर एक कंबार (लोहार) आहेत, वयस्कर आहेत, कुळवाची फास नि खुरपी लई छान करतात. त्यांच्याकडं जाऊन मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी फोटो नीट बघितलाच नाही, पैला विचारलं ह्यानं कापणार काय? मी सांगितलं. मग म्हणाले गाडीच्या स्प्रिंगचा पाटा घेऊन या आणि लाकडाचं एक करून आणा, फोटोवरनं मला वजन कळत नाही. माणूस मला आवडला, काम त्यांनाच द्यायचंय. खरं पाटा कसला आणायचा, जाडी किती सांगायची, तेलात पाणी द्यायला (म्हणजे लाल पातं बुडवून कडक करायला) सांगू की ते करतील तसं करू दे, मूठ आरपार पट्टीची करून घ्यायची की कोयत्यासारखी टोक घुसवलेली, हे मला ठरवता येईना. आणि बेळगावात उद्यमबागेत (कारखान्यांच्या भागात) हीट ट्रीटमेंटवाले आहेत त्यांच्याकडनं कडक करून घेतलं तर कंबारांना वाईट वाटेल काय हे पण डोक्यात आहे. ज्यांनी असं करून घेतलंय त्यांनी सांगा प्लीज.

निपाणीकर

एवढं कशाला करताय ओ, निपाणीच्या बाजारात तीन-चारशेला चांगला कोयता मिळतो, दोन घ्या, एक लहान बघून घ्या. आमच्याकडं उसाला नि तंबाखूला तेच वापरतात.

काजूबाग

दादा कोयत्याचं वाकडं टोक उभी चिरफळी काढताना आडवं येतं, सरळ पातं पाहिजे म्हणून हा खटाटोप.

ऐरण

आमच्या घरात भाता माझ्या आज्यापासून आहे, मी स्वतः आता वेल्डिंग करतो खरं सणासुदीला वडलांच्या हाताखाली बसतो, त्यामुळं सांगतो. कंबार तुम्हाला बरोबर सांगायलेत. लाकडाचं करून न्या. साधी प्लायवूडची पट्टी नको, जाड फळी घ्या, मूठ हातात धरून तासत जा जोवर हात म्हणतो बस. मग ती फळी बागेत घेऊन जा, हवेत मारून बघा, कमरेला लावून खाली बसून बघा, मांडीत टोचते काय बघा. पात्याची लांबी तुम्हाला तिथं कळणार. तुमचं काम बघता पातं ७ ते ८ इंच पुरे, त्याच्यावर गेला की तो परत कोयताच झाला.

जाडी पाठीला दीड सूत सांगा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोन सूत ठेवलं तर चिव्यात घुसायच्या आधीच अडकतो आणि एक सुतानं ठोकळ्याचा मार खात नाही. खरं पाठीला दीड सूत म्हणजे सगळीकडं दीड सूत नाही, मुठीकडनं टोकाकडं पाठ उतरत गेली पाहिजे, हे घणानं होतं, ग्राइंडरनं करायला गेलं तर माल नि वेळ दोन्ही जातो. ट्रकचा पाटा घेतला तर तीन-चार सूत असतो, ते ठोकून उतरवायला म्हाताऱ्या माणसाला लई त्रास. जीप नाहीतर लहान टेम्पोचा पाटा घ्या, तो आधीच पातळ असतो.

आणि भंगारातला घेऊ नका. वर्षानुवर्षं खड्ड्यांत दणके खाल्लेल्या पाट्याला आतून केसासारखी चीर असते, डोळ्याला दिसत नाही, पाणी देताना नाहीतर पैल्याच थंडीत मूठभर पातं हातात नि बाकीचं गवतात. पाटे बदलणाऱ्या दुकानात नव्या पाट्याचे कापलेले तुकडे पडलेले असतात, ते मागा.

आता पाणी. आमचे वडील काय करतात सांगतो, म्हणजे तुम्हाला तिथं उभं राहिल्यावर काय चाललंय ते कळेल. घडवून झालं की पातं तीनदा लाल करून नुसतं हवेत गार होऊ देतात, ह्यानं ठोकाठोकीतला ताण निघतो, ही पायरी घाईत कुणी गाळत असेल तर हात जोडून करायला सांगा. मग धार अजून जाडच ठेवायची, एक मिमी तरी, पातळ करून पाणी दिलं की वेडीवाकडी होते नाहीतर तडकते. मग तापवायचं, चुंबक लावून बघायचं, चुंबक धरायचं बंद झालं की अजून थोडं चढू द्यायचं नि तेलात. पाट्याच्या मालाला साधं पाणी नको, तडकतो. कंबारांना कन्नडमध्ये सांगा 'नीर ब्याड, एण्णी' (पाणी नको, तेल), ते हसतील, त्यांना माहीत असणार. तेल थोडं कोमट पाहिजे, गार तेल दाट असतं, ते माल हळू गार करतं. जळकं इंजिन ऑइल सगळे वापरतात खरं त्याचा धूर वाईट, शेंगतेल चालतं, डब्बा तुम्हीच घेऊन जा.

त्याच्यापुढचं महत्त्वाचं. तेलातनं काढलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, त्याच्यावर नवी कानस घसरते, चावत नाही. तसं ठेवून चालत नाही. एक बाजू घासून चकचकीत करायची नि पाठीकडनं हळूहळू ऊब द्यायची. रंग पाठीकडनं धारेकडं सरकत येतो, पैला फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. धारेला तपकिरी आला की थांबायचं नि तोवर पाठ जांभळी-निळी झालेली असते, म्हणजे पाठ चिवट नि धार कडक. तुमच्या कामाला हेच पाहिजे. धार निळी होऊ दिली तर दुमडणार, पिवळ्यावर सोडली तर गाठीवर दाते पडणार.

उद्यमबागवाला

मी हीट ट्रीटमेंटमध्येच काम करतो, म्हणून सांगतो. वरच्या भावांनी सांगितलंय ते शंभर टक्के बरोबर. आमच्याकडं दिला तर फायदा एवढाच की टेम्परेचर मीटरवर दिसतं आणि शेवटी हार्डनेस मोजून मिळतो. पाटा साधारण ईएन ४५ जातीच्या स्टीलचा असतो, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या वर थोडा कार्बन नि जास्तीचा सिलिकॉन. गाडीखाली असताना त्याची कडकी ४५ रॉकवेलच्या (कडकपणा मोजायचं माप) आसपास असते, म्हणून नुसता पाटा कापून धार लावली तर ती टिकत नाही, परत कडक करावाच लागतो. तुम्हाला ५४ ते ५६ मागा. ५८-५९ च्या मागं लागू नका, तो आकडा व्हिडिओत बरा वाटतो, फांदीवर आपटायच्या पात्याला नको.

कोण म्हणेल बेअरिंगचं स्टील घ्या, ईएन ३१, त्यात एक टक्का कार्बन नि वर क्रोमियम, धार लई टिकते खरं भट्टीवर अंदाजानं त्याचं पाणी नीट बसत नाही आणि मार खाल्ला की तुकडा उडतो. गावच्या भट्टीला पाटाच बरा.

एका नगासाठी कोण भट्टी लावणार नाही. ईएन ४५ ची बॅच असेल त्यात घाला म्हणून सांगा, थांबायची तयारी ठेवा. आणि मुठीची भोकं आधी पाडून आणा ओ, कडक झाल्यावर ड्रिलचे बिट मोडतात नि मग लोक आमच्यावर चिडतात.

कंबारांना वाईट वाटायचं विचारलंत. माझं मत, पाणी त्यांनाच देऊ द्या. त्यांचं खुरपं टिकतंय म्हणजे हात बसलेला आहे. मोजायचंच असेल तर तयार झाल्यावर आमच्यासारख्याकडं आणून कडकी मोजायचं एक टिंब मारून घ्या, दोन मिनिटांचं काम.

चंदगडी

मूठ आरपार पट्टीचीच घ्या. कोयत्याची मूठ टोक तापवून घुसवलेली असते, आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं नि मार्चात आकसतं, मग ढिली होते. पट्टीच्या दोन्ही अंगाला शिसमच्या फळ्या नि पितळेच्या तीन रिव्हेटा. शिसम नसेल तर बाभूळ. व्हार्निश मारू नका, घामानं हात घसरतो, अळशीचं तेल चोळा दोन-तीनदा. बोटं धारेवर घसरू नयेत म्हणून पुढं खाली थोडं नाक ठेवायला सांगा.

काजूचा चीक नि फणसाचा चीक लागला की तिथंच पुसा, खोबरेलाचं फडकं खिशात ठेवा. आणि चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं नि पातं आतल्या आत गंजतं. काम करताना म्यान, घरी आलं की बाहेर काढून तेल लावून भिंतीला.

एक वाचक

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात निव्वळ घरगुती नाहीतर शेतीच्या वापराची वस्तू शस्त्रात धरलेली नाही. नियमात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, तिथंही शेती-घरकामाची हत्यारं वगळली आहेत. तुमचा ७-८ इंचांत बसतोय, रुंदी दोन इंचांच्या आत ठेवा, म्हणजे कुणाला समजावत बसायला नको. बेळगावातनं बसनं नेताना मात्र कमरेला लावू नका, पोत्यात गुंडाळून सामानात घाला. नि जांबोटीकडं आहात म्हणून मुद्दाम सांगतो, भीमगड अभयारण्य जवळ आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ प्रमाणं लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जाता येत नाही आणि त्या कायद्यात हत्यारामध्ये चाकू धरलाय. बागेतनं काम करून तसंच रानात फिरायला जाऊ नका.

काजूबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. अभयारण्याचं मला अजिबात ठाऊक नव्हतं, भाऊ पण सोबत असतो, त्याला आधी सांगतो. फळी तासायला घेतली आहे, साडेसात इंचांवर हात म्हणतोय बस. पाटा नवाच बघतो, शेंगतेलाचा डब्बा नेतो, भोकं आधी पाडायची हे लिहून ठेवलं, पाणी कंबारच देणार. एकच राहिलं, चाकू हातात मिळाल्यावर तो बरा झालाय हे त्यांच्यासमोरच कसं बघायचं? चांगल्या माणसाला तपासतोय असं वाटायला नको.

ऐरण

त्यात वाईट काही नाही, चांगला कारागीर स्वतःच करून दाखवतो. पैला धार डोळ्यासमोर धरून लांबीकडनं बघा, सरळ पाहिजे. मग पितळेची गोल सळी आडवी ठेवायची, धार तिच्यावर तिरकी टेकवून थोडा दाब द्यायचा, धार सळीवर किंचित फुगून आली नि सोडल्यावर परत सरळ झाली की पाणी बरोबर बसलं. फुगून तशीच राहिली तर मऊ, कण उडाला तर कडक. मऊ-कडक निघालं तरी पातं वाया जात नाही, कडक असेल तर परत थोडा रंग चढवायचा, मऊ असेल तर परत लाल करून पाणी. आणि वाळलेला चिवा सोबत घेऊन जा, त्याच्या गाठीवर चार-पाच घाव त्यांनाच घालायला सांगा, मग धारेवरनं अंगठ्याचं नख अलगद फिरवा, कुठं अडकलं तर तिथं दाता पडलाय.

शेवटची धार घरी लावताना ग्राइंडरला हात लावू नका, धार निळी झाली की आधीचं सगळं पाणी गेलं. दगडावर पाणी टाकत, दोन्ही अंगाला साधारण २०-२५ अंश धरून घासा. झाल्यावर फोटो टाका, म्हाताऱ्यांचं काम बघायचंय.