मदत हवी आहे: गिटवरच्या आमच्या स्क्रिप्टमध्ये ‘-एन’ला कोणता अर्थ द्यावा?

महापे_टर्मिनल:
नमस्कार मंडळी. महापे आणि वागळे इस्टेट अशा दोन ऑफिसांत मिळून आमचा एकच रेपो (गिट या आवृत्ती सांभाळणाऱ्या साधनातला कोडचा साठा) आहे. त्यासाठी बॅशमध्ये (टर्मिनलच्या कमांडभाषेत) छोटी स्क्रिप्ट केली आहे: कमिट (बदल नोंदवणं), पुश (ते सर्व्हरवर पाठवणं) आणि जुन्या ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा) काढणं. स्क्रिप्टला न कळलेले पर्याय ती जसेच्या तसे गिटकडे सरकवते. आता ‘काय होईल ते फक्त दाखव, करू नको’ असा पर्याय हवा आहे. वागळेवाल्यांचं म्हणणं ‘-एन’ ठेवा, कारण ‘गिट पुश -एन’ आणि ‘गिट क्लीन -एन’ हेच करतात. महापेवाल्यांना एका अक्षराचा पर्यायच नको. शिवाय ‘-एफ’ दिल्यावर आतून ‘--फोर्स’ (सर्व्हरवरचं जबरदस्तीने बदलणारा पुश) चालवावा की ‘--फोर्स-विथ-लीज’ (तेच, पण आधी तपासून)?

कोपरीकर:
आधी न कळलेले पर्याय पुढे सरकवणं बंद करा, खरा धोका तिथे आहे. गिटमध्ये ‘-एन’चा अर्थ कमांडगणिक बदलतो. चेरी-पिकला (दुसरीकडचं कमिट उचलून आणणं) ‘-एन’ म्हणजे कमिट करू नको, फेचला (सर्व्हरवरचे बदल आणणं) म्हणजे टॅग आणू नको, लॉगला (कमिटची यादी) त्यापुढे आकडा लागतो. आणि कमिटला ‘-एन’ म्हणजे ‘--नो-व्हेरिफाय’, म्हणजे तपासणी टाळ!

समजा तुम्ही ‘-एन’ फक्त पुशसाठी लिहिला. कोणीतरी सवयीने तोच कमिटला लावला. स्क्रिप्टला तो कळला नाही, तिने गिटला दिला. कमिट खरोखर झालं, वर प्री-कमिट आणि कमिट-मेसेज हे दोन्ही हुक (आपोआप चालणाऱ्या तपासण्या) टळले. स्क्रीनवर नेहमीचीच ओळ दिसते, त्यामुळे संशयही येत नाही.

म्हणून अनोळखी पर्याय आला की तिथेच थांबा, एरर द्या, एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) 129 ठेवा. चुकीच्या वापराला गिटही तोच देतं. ‘--’ नंतरचं सगळं गिटला द्यावं अशी युक्ती सुचेल, पण गिटमध्ये ‘--’ नंतर येतात ती फाइलींची नावं, त्यामुळे नवा गोंधळ होईल. खास पर्याय हवा असेल त्याने सरळ गिट वापरावं.

घणसोली_बॅश:
सहमत. ‘-एन’ द्यायचाच तर तिन्ही कामांना एकाच अर्थाने द्या, नाहीतर नुसता ‘--ड्राय-रन’ (फक्त दाखव, करू नको) ठेवा. बॅशचं गेटऑप्ट्स (पर्याय वाचणारी कमांड) लांब पर्याय वाचत नाही, तेव्हा बॅशचेच व्हाइल आणि केस वापरून ते वाचा. स्क्रिप्टच्या आत गिटचे पर्याय पूर्ण लिहा. गिट अर्धवट नावही चालवून घेतं, पण पुढच्या आवृत्तीत त्याच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा पर्याय आला की तीच ओळ अडते.

‘-एफ’ मात्र देऊच नका. आतून लीज चालवलंत तर ‘-एफ सुरक्षित असतो’ असं हाताला वळण लागेल, आणि तोच माणूस उद्या थेट ‘गिट पुश -एफ’ मारेल. तो साधा फोर्स आहे, सहकाऱ्याचं काम पुसतो. ‘--फोर्स-विथ-लीज’ हे पूर्ण नावच टाइप करायला लावा.

लीजलाही मर्यादा आहे. सर्व्हरवरची ब्रँच तुमच्याकडच्या ‘ओरिजिन’च्या (म्हणजे सर्व्हरच्या) नोंदीशी जुळते का, एवढंच ते बघतं. एडिटरचं ऑटोफेच चालू असेल तर ती नोंद तुमच्या नकळत ताजी होते, आणि न पाहिलेल्या कमिटवरही पुश बसतो. म्हणून सोबत ‘--फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ लावा, म्हणजे सर्व्हरवरचं ते काम तुम्ही आपल्यात घेतलं होतं का हेही बघितलं जातं. तो गिट 2.30 पासून आहे, तेव्हा सगळ्यांची आवृत्ती तपासून घ्या.

महापे_टर्मिनल:
खूप मदत झाली. पुशचा ड्राय-रन हिरवा आला म्हणजे खरा पुश जाईलच ना?

कोपरीकर:
नाही. ड्राय-रन सर्व्हरशी बोलतो, तुमच्या मशीनवरचा प्री-पुश हुकही चालवतो, पण सर्व्हरवरचे हुक चालत नाहीत. ब्रँच तिथे संरक्षित असेल तर ते खऱ्या पुशलाच कळेल. ही ओळ मदतीच्या मजकुरात लिहाच. आपल्या मशीनवरची ब्रँच काढायला तर ‘गिट ब्रँच’मध्ये ड्राय-रन मुळातच नाही. ‘गिट ब्रँच --मर्ज्ड’ची (मर्ज झालेल्या, म्हणजे काम मिसळून झालेल्या ब्रँचची) यादी घ्या, त्यातून मेन ही मुख्य ब्रँच आणि चालू ब्रँच वगळा, उरलेली दाखवा. काढताना लहान ‘-डी’ वापरा. मर्ज न झालेली ब्रँच तो काढत नाही, कॅपिटल ‘-डी’ मात्र न विचारता काढतो.