फायबरच्या नावेतल्या बसायच्या फळ्या कुजल्या: सागवान टाकू की प्लाय?

बांधकाठ
मालगुजारी तलावावर मासेमारीसाठी १४ फुटी फायबरची नाव आहे, जुनी घेतलेली. आडव्या तीन बैठका. बैठकीच्या पुढच्या-मागच्या भिंती फायबरच्या, वर प्लायची फळी आणि तिच्यावर फायबरचा पातळ थर. रेक्झिन खिळ्यांनी ठोकलेलं. मधल्या बैठकीवर बसलं की फळी दबते, स्क्रू हातानं निघतात, भोकातून काळं पाणी येतं. फळी ५४ इंच लांब, ११ इंच रुंद. आत फोम आहे. गावातला सुतार म्हणतो, सागवानाची फळी ठोकू अन् जळकं ऑइल मारू. मृगाच्या आत काम उरकायचं आहे. काय टाकावं, किती सामान लागेल?

पटाशी_रंधा
जळकं ऑइल लाकडी डोंग्याला ठीक आहे जी, इथं नको. तेल पिलेल्या लाकडाला रेझिन (फायबरचा थर धरणारा पॉलिएस्टरचा चिकट द्रव) धरतच नाही. सागवान मुळातच तेलकट, शिवाय रुंद फळी ऊन-पाण्यात फुगते-आकसते आणि वरचा फायबरचा थर चिरतो. प्लायच टाका, पण "वॉटरप्रूफ आहे" या दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका. शीटवर आयएस ७१० चा शिक्का बघा, तो मरीन प्लाय. आयएस ३०३ म्हणजे घरच्या फर्निचरचा. १८ मिमीची ८ बाय ४ ची एक शीट पुरते: ५४ इंचावर आडवी कापली की ४८ इंच रुंदीत ११ इंचाच्या चार फळ्या बसतात, म्हणजे एक जास्तीची.

कापण्याआधी एक गोष्ट. आडवी बैठक नुसती बसायला नसते, ती नावेच्या दोन्ही कुशी धरून ठेवते. तिन्ही एकदम काढल्या तर काठ बाहेर पडतात, मग नवी फळी मापात बसत नाही. काठापासून काठापर्यंतचं माप तीन ठिकाणी लिहून ठेवा, नाव सुलटी करून लाकडाच्या ठोकळ्यांवर सरळ टेकवा, काठांवर आडवी पट्टी बांधा आणि एका वेळी एकच बैठक उघडा.

कूज कुठवर गेली ते पेचकसाच्या मुठीनं ठोकून कळतं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर गेलं. बद्द भागाच्या पुढे ३-४ इंच अजून धरा. पण मधली फळी गेली असेल तर बाकीच्या दोन वाचल्या असतील असं धरून चालू नका; रेक्झिनचे खिळे तिन्हींना आहेत आणि पाणी तिथूनच शिरलं. तलावाचं-पावसाचं गोडं पाणी लाकडाला खाऱ्यापेक्षा वाईट, बुरशीला मिठाचा अडथळा नसतो.

फायबरवाला
वरचं बरोबर. आता रेझिनचं.

तीन फळ्यांना वरून मॅटचे (काचतंतूंची चादर, चौरस मीटरला ४५० ग्रॅमची) दोन थर, खालून एक, कडेनं ४ इंची पट्ट्यांचे दोन थर. याला मॅट ३ किलो घ्या. रेझिन मॅटच्या अडीच पट लागतं. लाकडाला पाजायचं आणि फळी बसवायचा लगदा धरून ९ किलो. रेझिन कोबाल्ट (हार्डनरचं काम जलद करणारं रसायन) घातलेलंच आणा, नागपुरात मिळतं. कोबाल्ट आणि हार्डनर (रेझिन कडक करणारा द्रव) वेगवेगळे आणून थेट एकत्र केले तर भडका उडतो, हे हसण्यावारी नेऊ नका. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून चष्मा हवाच.

एका वेळी ५०० ग्रॅमच कालवा. आपल्याकडच्या वैशाखात हार्डनर ५ मिली बास. त्याहून कमी केलं तर थर आतून कच्चा राहतो, तेव्हा उन्हावर उपाय म्हणजे वेळ बदलणं. मॅटचं काम सकाळी ६ ते ९. दुपारी ब्रश टेकेपर्यंत डब्यातच दगड होतो. उरलेलं रेझिन खोल डब्यात सोडू नका, स्वतःच तापून धूर काढतं.

फळीला रेझिनचा पहिला हात मात्र संध्याकाळी द्या. ऊन चढताना लाकडातली हवा बाहेर येते आणि थरात फोड उठतात; गार होताना तेच लाकूड रेझिन आत ओढतं. या हातात १० टक्के स्टायरीन (रेझिन पातळ करणारा द्रव) मिसळा, थिनर नको. कापलेल्या कडा दोनदा-तीनदा पाजा, कूज तिथूनच सुरू होते. खालच्या बाजूची मॅट फळी बाहेर असतानाच लावून घ्या.

नावेच्या आतली जागा ४० नंबरच्या पेपरनं चकाकी जाईपर्यंत घासा, कडेपासून २ इंच. रंगावर लावलेली मॅट पापुद्र्यासारखी सुटते. भिंतींच्या माथ्यावर रेझिन आणि टाल्क पावडरचा लगदा थापून फळी दाबून बसवा, वर विटा ठेवा. कोपऱ्यात त्याच लगद्यानं गोलाई भरा, कारण काटकोनात मॅट वळत नाही, खाली पोकळी राहते. शेवटच्या हातात मेणाचं द्रावण घाला, नाहीतर पृष्ठभाग चिकटच राहतो.

बांधकाठ
फोम पिळला की पाणी निघतं. काढून थर्माकोल भरला तर? आणि जाळ्याची दोरी बांधायचे हूक परत कसे बसवू?

फायबरवाला
पाणी पिलेला फोम काढाच, तो वाळत नाही. पण पेटी रिकामी ठेवू नका. फायबर पाण्यापेक्षा जड, नाव भरली तर फोमच तिला वर धरतो. थर्माकोलला या रेझिनचा थेंब लागला तरी तो विरघळतो. सोपा उपाय: कोल्ड्रिंकच्या रिकाम्या २ लिटरच्या बाटल्या, झाकणं घट्ट. एक बाटली साधारण २ किलो वजन पेलते. कोंबून भरा, म्हणजे खडखडणार नाहीत. पेटीच्या मागच्या भिंतीत अगदी तळाशी २० मिमीचं भोक पाडून रबरी बूच लावा. नाव ओढून वर आणली की बूच काढायचं. बूड मात्र कुठेही भोसकू नका.

पटाशी_रंधा
हुकासाठी ८ मिमीचं भोक पाडा, एपॉक्सी पुट्टीनं गच्च भरा, कडक झाल्यावर त्याच्या मधोमध ३ मिमीचं भोक पाडून ८ नंबरचा ३०४ स्टीलचा स्क्रू आवळा, म्हणजे पाण्याला प्लाय दिसतच नाही. भार जास्त येत असेल तर त्या जागी फळी बसवायच्या आधीच खालून १२ मिमी प्लायचा तुकडा चिकटवून घ्या. रेक्झिन पुन्हा ठोकू नका. गादी हवी तर दोरीनं बांधायची सुटी करा.