तंबाखूमुक्त कॅम्पस: तुमच्याकडे नेमकं कशानं फरक पडला?

नमस्कार मंडळी, आमच्या एनएसएस युनिटने यंदा तंबाखूमुक्त कॅम्पसचं काम घेतलंय. गेटवर बोर्ड लागला, 31 मेला, जागतिक तंबाखूविरोधी दिनाला, शपथ झाली, रॅली निघाली, आणि संध्याकाळी कंपाऊंडच्या मागं तोच घोळका, तोच धूर. म्हणून हा धागा काढतेय. असं काम ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज लिहा, जे घडलं तेच सांगा. कॉलेजचं नाव नको.

पुणे, इंजिनिअरिंग
आम्ही टेप घेऊन गेटपासून 100 यार्ड मोजले, म्हणजे साधारण 91 मीटर, आणि रस्त्यावर पिवळी रेघ मारली. 2003 च्या कायद्यानुसार त्याच्या आत तंबाखू विकता येत नाही. रेघेच्या आत एकच टपरी निघाली, ती पण अशा काकांची की अर्ध्या कॉलेजची उधारी त्यांच्या वहीत. तक्रार करून टपरी उचलायला लावू असं काहीजण म्हणत होते, मला ते पटलं नाही, त्यांचं घर त्याच्यावर चालतं. मग आम्ही रोज तिथं जाऊन बसायला लागलो, चहा प्यायचा आणि बोलायचं. काकांचं म्हणणं सरळ होतं, सिगारेट काढली तर गिऱ्हाईक तुटेल. आम्ही म्हटलं काका पोहे ठेवा, उकडलेली अंडी ठेवा, पोरं आम्ही आणतो. सगळ्यात आधी त्यांनी दोरीला बांधलेला लायटर काढला. खरं सांगते, एवढ्यानंच बरीच गर्दी पांगली, कारण सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या खिशात काडेपेटी नसतेच (सुट्या विक्रीला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे, तरी चालते). नंतर पाकिटं पण गेली. ओढणारे सगळे सुटले असं अजिबात नाही, काहीजण चौकापर्यंत चालत जातात, पण फर्स्ट इयरची पोरं नुसती सोबत म्हणून उभी राहायची आणि तिथंच पहिला झुरका मारायची, ते थांबलं. माझ्या मते खरं काम तेच.

चंद्रपूर
तुम्ही सगळे धुराचं बोलून राहिले, आमच्याकडे खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटून देतात, पोट्टे लेक्चरमध्ये गालात धरून बसतात, जिन्याचे कोपरे लाल. 2016-17 च्या सरकारी सर्वेत महाराष्ट्रात ओढणारे 4 टक्क्यांच्या आत आणि चघळणारे 24 टक्क्यांच्या आसपास निघाले होते, त्यामुळं नुसतं स्मोक-फ्री म्हणून इकडे भागत नाही. आम्ही डेंटलच्या मुलामुलींना बोलावलं. त्यांनी सांगितलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. सगळे हसत होते. माझ्या वर्गातल्या एकाची दोनच गेली, तिसरं बोट दातांच्या आत शिरेचना, त्यानं मान वाकडी करून परत बघितलं, तरी नाही. डेंटलच्या ताईनं त्याला बाजूला घेऊन समजावलं की सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते, ती पहिल्यासारखी होणं कठीण, वरून कॅन्सरचा धोका, पण आता थांबलास तर पुढचं वाचेल. त्यानं सोडलं. मोठा घास अजून जात नाही त्याला.

अ‍ॅन आर्बर, अमेरिका
इथं युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनचा सगळा कॅम्पस 2011 पासून स्मोक-फ्री आहे. मोठ्या रस्त्यालगतचा फुटपाथ सोडून कुठंही ओढता येत नाही, बर्फात पण लोक तिथवर जातात.

सातारा, एनएसएस कॅम्प
पथनाट्य बसवून गेलो होतो, बाया बघून निघून गेल्या. कारण त्यात सिगारेट होती आणि त्या लावतात मिश्री. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, सकाळी दात घासायला, मग दुपारी, मग झोपताना. एक आजी म्हणाल्या, "मिश्री लावल्याबिगर डोस्कं उठतंय बाई." त्या हिला तंबाखू मानतच नाहीत. मग आम्ही मुली संध्याकाळी भाकरी थापायला त्यांच्यात जाऊन बसायला लागलो तेव्हा कुठं कळलं की पोटुशी सून पण लावते. गावातल्या आरोग्यसेविकेला, म्हणजे आशाताईंना सोबत घेतलं, त्यांनी त्या सुनेशी आणि सासूशी एकत्र बोलणं केलं. ती सून थांबली, आजी नाही थांबल्या.

मुंबई
आमच्याकडे व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. 2019 पासून बंदी, तरी बॅगेत असतं, वास येत नाही म्हणून सापडत पण नाही. आणि पार्किंगमध्ये स्टाफपैकी कुणी सिगारेट ओढत असेल तर पोरांना काय तोंडानं सांगायचं? 200 रुपयांपर्यंतचा दंड सगळ्यांना सारखाच आहे, तो आधी स्टाफला लावा असं आम्ही लेखी दिलं. पार्किंग साफ झालं.

नाशिक, हॉस्टेल
मी सोडणाऱ्यांपैकी. मेसमधून जेवून उठलं की पाय आपोआप टपरीकडं वळायचे. रूममेटनं कधी उपदेश केला नाही, जेवण झालं की म्हणायचा चल ग्राउंडला एक राऊंड मारू. तलफ काही मिनिटांत ओसरते हे मला तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला, 1800-11-2356 वर फोन केला तेव्हा कळलं, फोन फुकट आहे, तेवढी मिनिटं काढायला कुणीतरी सोबत लागतं. धागा काढणाऱ्या ताई, तुमच्या गेटवरच्या बोर्डावर दंडाच्या वरती हा नंबर मोठ्या अक्षरात टाका.