आधी जमीन की आधी इमान?

माळरान : मध्ययुगीन युरोपातल्या निष्ठेच्या शपथेचं आपण उगाच कौतुक करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मांडलिकाने गुडघे टेकायचे, जोडलेले हात धन्याच्या हातांत द्यायचे, 'मी तुमचा माणूस' म्हणायचं आणि मग बायबलवर किंवा संतांच्या अस्थींवर हात ठेवून इमानाची शपथ घ्यायची. दृश्य भारदस्त आहे, पण सगळं चाललं होतं धन्याकडून मिळणाऱ्या जमिनीसाठी. एकेका सरदाराकडे तीन-चार धन्यांच्या जमिनी असायच्या. ते धनी आपसांत भिडले की हा कोणाचा? शेवटी त्यांतला एक 'मुख्य धनी' ठरवायची वेळ आली. निष्ठेची अशी प्रतवारी लागते, तेव्हा ती जमिनीची पावतीच उरते.

जुनी बखर : पटलं नाही. नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमने 1066 मध्ये इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या वीस वर्षांत जमिनी वाटल्या. मग 1 ऑगस्ट 1086 ला सॉल्झबरीत जमीनदारांना पुन्हा शपथ का घ्यायला लावली? त्यांत दुसऱ्या सरदारांचे मांडलिकही होते. इतर कोणाहीविरुद्ध राजाशीच इमान राखू, असं त्यांनी कबूल केलं. जमीन देऊन माणूस आपला होत नाही, हे त्याला कळलं होतं.

माळरान : त्याच वर्षी त्याने डोम्सडे नावाची जमीन-मालमत्तेची पाहणीही करवली. कोणाकडे किती नांगर, किती कुरणं, किती गिरण्या, सगळं लिहून घेतलं. मोजणी आणि शपथ एकाच वर्षी! हे माझ्याच बाजूचं आहे.

नदीकाठ : तुम्ही दोघंही एकच बाजू बघताय. पावतीने घेणारा बांधला जातो, शपथेने देणाराही बांधला जायचा. 1020 च्या सुमारास फ्रान्समधल्या शार्त्रचा बिशप फुलबेर याने पत्रात मांडलिकाची कर्तव्यं सांगितली आणि धन्यानेही तसंच वागावं, असं बजावलं. आणि हे कागदावर राहिलं नाही. आजच्या बेल्जियमच्या भागातल्या फ्लँडर्सच्या राज्यकर्त्याचा, काउंट चार्ल्सचा, 1127 मध्ये तिथल्याच ब्रूज शहरात खून झाला. नव्या काउंटपुढे, विल्यम क्लिटोपुढे, लोकांनी हात जोडून शपथा घेतल्या. त्याने दिलेला शब्द मोडला म्हणून वर्षभरात तिथल्या शहरांनी त्यालाच नाकारलं. पावती फाडायला एवढं बळ कुठून येतं?

माळरान : ब्रूजचं उदाहरण जड आहे, मान्य. तरी तिथे शहरं श्रीमंत होती, व्यापार हातात होता. साध्या सरदाराला हे जमलं असतं का, याची मला अजून शंका आहे.

शिवार : मला वेगळंच बोचतंय. ही सगळी शपथ घोड्यावरच्या माणसांची, वर्षाला 40 दिवस लढाईची चाकरी करणाऱ्यांची. त्यांच्या जमिनीत नांगर धरणाऱ्या भूदासाला धनी निवडता येत नव्हता, परवानगीशिवाय गाव सोडता येत नव्हतं. इंग्लंडात तर मुलीचं लग्न लावायलाही धन्याकडे पैसे भरावे लागत. त्याच्या बाबतीत आधी काय होतं, जमीन की इमान, याचं उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावं.