डिझाइनच्या कामाचे तास मोजून हाती काय लागतं?

रेघोटी:
आठ महिने इमानेइतबारे टायमर लावला. काम सुरू केलं की बटण, थांबवलं की बटण. गेल्या आठवड्यात ते ॲप काढून टाकलं. एका प्रोजेक्टच्या पहिल्याच स्क्रीनवर मी चार दिवस अडकले होते, मेनू कुठे बसवायचा तेच सुटेना. पाचव्या दिवशी भांडी घासताना सुटलं आणि फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवायला चाळीस मिनिटं लागली. टायमरमध्ये काय दिसतं? अकरा तास टाकून दिलेल्या फाइलींचे, वर चाळीस मिनिटं. भांड्यांचा पत्ता नाही.

त्यात एका क्लायंटने दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं, माउसच्या हालचाली मोजणारं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. वहीत पेन्सिलीने रेखाटत बसले की त्याच्या लेखी मी गैरहजर. शेवटी उगाच माउस हलवायला लागले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. आपल्या कामाला हे माप लागूच पडत नाही, असं माझं ठाम मत झालंय. तुमचं?

पिक्सेलपाटील:
असहमत. तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. फोटो काढणं ही पाळत झाली, त्याविरुद्ध मीही तुमच्यासोबत आहे. आपली नोंद आपण ठेवणं वेगळं. मी सहा वर्षं ठेवतोय. पहिल्या तीन महिन्यांतच कळलं की प्रत्यक्ष स्क्रीन रचण्यात निम्म्याहून कमी वेळ जातो. बाकीचा 'लोगो जरा मोठा करा'च्या फेऱ्या, आयकॉन एक्स्पोर्ट करणं, डेव्हलपरला स्पेसिंग समजावणं आणि क्लायंटने न पाठवलेल्या मजकुराचा तगादा लावणं यात. कोटेशन देताना हे मी धरतच नव्हतो! आता करारातच लिहितो: दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत, तिसरीपासून जादा पैसे. नोंद नसती तर कुठल्या तोंडाने मागितले असते?

आणि आपला अंदाज चुकतोच हो. ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांचा १९९४ चा अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर साधारण ३४ दिवस. लागले ५५ हून जास्त.

चहाटळ:
+१. 'पाच मिनिटांचं तर काम आहे' म्हणणाऱ्याला मी माझी शीट पाठवतो. पुन्हा म्हणत नाही.

समास:
पाटील, तास लिहायला लागलं की बिलही तासांचंच व्हायला लागतं, त्याचं काय? नाइकीचं बोधचिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने केलं. दर तासाला २ डॉलर, बिल ३५ डॉलर. हिशेब अगदी चोख! कंपनीने १९८३ मध्ये तिला शेअर दिले, पण ते आपल्या मर्जीने.

शिवाय पूर्वी ज्याला मला दोन दिवस लागायचे ते आता दोन तासांत होतं. म्हणजे हात बसला म्हणून पैसे कमी घ्यायचे? व्हिसलर या चित्रकाराने एका समीक्षकावर केलेल्या बदनामीच्या खटल्यात, १८७८ मध्ये लंडनच्या कोर्टात, समोरच्या वकिलाने त्याला असंच खोचून विचारलं होतं, दोन दिवसांच्या कामाचे २०० गिनी मागता? तो म्हणाला, जन्मभर कमावलेल्या ज्ञानाचे मागतो. (खटला जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं. तेव्हा क्लायंटला ही गोष्ट अर्धीच सांगावी.)

पिक्सेलपाटील:
नाइकीचा दाखला माझ्याच बाजूचा आहे की! चूक झाली ती दर लावण्यात. मी क्लायंटला तास दाखवतच नाही. रक्कम एकगठ्ठा ठरवतो आणि काम संपल्यावर घरच्या घरी बघतो, ताशी किती पडले. ज्याचं नाव मी चारचौघांत मिरवायचो, त्या क्लायंटचं ताशी उत्पन्न सगळ्यांत कमी निघालं. सोडलं त्याचं काम.

ओळंबा:
तुम्ही सगळे स्वतंत्र काम करणारे. नोकरीतलं ऐका. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी सगळे मिळून आठवड्याची टाइमशीट 'आठवून' भरतात. मंगळवारी दुपारी कोण काय करत होतं ते देव जाणे. बेरीज मात्र दर आठवड्याला बरोब्बर चाळीस. आणि याच आकड्यांवरून पुढच्या प्रोजेक्टची मुदत ठरते! असल्या नोंदीपेक्षा काहीच नसलेलं परवडलं.

चहाटळ:
चाळीसच? आमच्याकडे बेचाळीस लिहितात, मेहनती दिसायला.

रेघोटी:
पाटील, फेऱ्यांचं पटलं. माझा करार बदलायला हवा. पण ते भांडी घासतानाचं तुम्ही कुठल्या रकान्यात लिहिता?

पिक्सेलपाटील:
कुठल्याच नाही. रकमेत धरतो.

रेघोटी:
म्हणजे मुख्य कामाचा तुमचाही अंदाजच!

पिक्सेलपाटील:
हो. पण बाकीचं मोजलेलं असतं, म्हणून तो अंदाज किती ताणायचा ते कळतं.

रेघोटी:
बरं. फक्त फेऱ्या लिहून बघते महिनाभर, कागदावर. ॲप पुन्हा घेणार नाही.