विषय: डिझेलचं इंजिन ऑइल पेट्रोल गाडीत चालेल का?

प्रेषक: न्यू जर्सी (माहेर कारेलीबाग)

सर्वांना नमस्कार,
बाबा बडोद्यात एकटेच असतात. मागच्या महिन्यात जुनी डिझेल जीप विकली, पण तिच्यासाठी आणलेला १५डब्ल्यू-४० जाडीच्या इंजिन ऑइलचा पाच लिटरचा सीलबंद डबा घरात राहिला. आता छोट्या पेट्रोल गाडीचं ऑइल बदलायचं आहे, तर तोच डबा वापरायचा म्हणतात. गाडी २०२१ची, टर्बो नाही. कोपऱ्यावरचा मिस्त्रीही म्हणाला, "चालशे, काका." बाबांचं म्हणणं, ट्रकची इंजिनं ज्याच्यावर लाखो किलोमीटर पळतात ते तेल माझ्या एवढ्याशा गाडीला कमी कसं पडेल? मला फोनवर उत्तर देता आलं नाही. डब्यावर एपीआय सीआय-४ प्लस एवढंच आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रेषक: मांजलपूर

ताई, बाबांना म्हणावं डबा उघडू नका. मी तीस वर्षं बस-ट्रकच्या देखभालीत काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एपीआय म्हणजे तेलाचा दर्जा ठरवणारी अमेरिकी संस्था. तिच्या खुणेत एसने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनाची, सीने सुरू होणारी डिझेलची. बाबांच्या डब्यावर नुसता सी आहे, म्हणजे ते तेल पेट्रोल इंजिनाच्या चाचण्यांना उतरलंय असं बनवणारासुद्धा म्हणत नाही. काही डब्यांवर सीआय-४/एसएल अशी जोडी असते, तिथे गोष्ट थोडी वेगळी.

तेल कसदार आहे हे बाबांचं खरंच आहे, पण तो कस काजळीसाठी आहे. डिझेल जळताना काजळी होते, ती तेलात तरंगत ठेवायला त्यात भरपूर डिस्पर्संट घालतात. शिवाय डिझेलमधल्या गंधकापासून आम्ल होतं, ते मारायला अल्कली जास्त लागते. बीएस-३च्या (बीएस म्हणजे गाड्यांच्या धुराचे आपले सरकारी नियम) काळात डिझेलमध्ये ३५० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ३५० भाग, गंधक चालायचं, बीएस-६मध्ये फक्त १०. सीआय-४ची तेलं त्या आधीच्या, जास्त गंधकाच्या इंधनाच्या काळातली. पेट्रोल इंजिनात ना तेवढी काजळी, ना तेवढं आम्ल.

नुकसान कुठे होतं? झीज थांबवणाऱ्या जस्त-फॉस्फरसच्या रसायनामुळे. प्रत्येक इंजिन थोडं तेल जाळतंच. त्यातला फॉस्फरस सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) बसतो आणि त्याला हळूहळू निकामी करतो. म्हणूनच आजच्या पेट्रोल गाड्यांच्या पातळ तेलांत फॉस्फरसवर ०.०८ टक्क्याची मर्यादा आहे. सीआय-४ला अशी मर्यादाच नव्हती. कन्व्हर्टर बदलायची वेळ आली तर त्या डब्याची किंमत बाबांना आठवणारसुद्धा नाही.

प्रेषक: दांडिया बाजार

काकांचा मान राखून लिहितो. माझ्या कार्बुरेटरच्या जुन्या गाडीत मी कितीतरी वर्षं डिझेलचंच ऑइल घातलं. इंजिन शेवटपर्यंत उघडावं लागलं नाही. आपल्याकडच्या उन्हात जाड तेलच बरं, असं माझं मत आहे.

प्रेषक: मांजलपूर

दादा, तुमच्या त्या गाडीत कन्व्हर्टर होता का? नसणार. मग बिघडायला होतं काय! त्या गाडीपुरता तुमचा अनुभव मी मान्य करतो.

जाडीचं मात्र पटत नाही. आजच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहूनही पातळ तेल सांगितलेलं असतं. बेअरिंगमधली फट, तेलाचा पंप, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा, सगळं त्याच जाडीवर बेतलेलं. बाहेर ४३ अंश असोत की २३, गरम इंजिनात तेल शंभरच्या आसपासच असतं. रेडिएटर आणि थर्मोस्टॅट त्यासाठीच आहेत. जाड तेलाने मायलेज घटतं, आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर वरच्या भागात तेल पोचायला वेळ लागतो.

ज्यांच्याकडे टर्बो पेट्रोल आणि डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी रचना) आहे त्यांनी तर जास्तच जपावं. जास्त कॅल्शियमच्या तेलाने तिथे कमी वेगात, जोर पडताना, ठिणगीच्या आधीच इंधन पेटू शकतं. पिस्टन फुटल्याच्या घटना आहेत. २०२०मध्ये आलेल्या एपीआयच्या एसपी दर्जात त्यासाठी वेगळी चाचणी आहे.

एक अपवाद सांगतो. भरूचच्या पुढे रात्री तेलाचा लाल दिवा लागला आणि हायवेवर ट्रकच्या दुकानात डिझेलचंच ऑइल मिळालं, तर इंजिन बंद करून अर्धा-एक लिटर खुशाल घाला. कोरडं इंजिन काही मिनिटांत जाम होतं. घरी आल्यावर गळती शोधा आणि सगळं तेल बदला.

ताई, गाडीच्या पुस्तिकेत तेलाचं पान काढा, त्यावरची अक्षरं आणि आकडे बाबांना मोठ्या अक्षरांत लिहून पाठवा.

प्रेषक: न्यू जर्सी

काका, तुमचं पत्र बाबांना फोनवर दोनदा वाचून दाखवलं. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० निघालं. कन्व्हर्टरचं ऐकल्यावर म्हणाले, "हे मिस्त्रीने सांगायला हवं होतं." डबा त्यांनी शेजारच्या टेम्पोवाल्या भाईंना दिला, त्यांच्या गाडीला सीआय-४च लागतं, ते बाबांनी आधी विचारून घेतलं. शनिवारी ऑइल बदलतील.