मदत हवी आहे: न पटणारा ट्रॅक लिहायला नकार देऊन मालिकेत टिकलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,

मी एका मराठी दैनंदिन मालिकेचे संवाद लिहिते. मालिकेचं नाव सांगत नाही, करारात गोपनीयतेचं कलम आहे. इथे मालिका-नाटकवाले बरेच आहेत, म्हणून विचारते आहे.

परवा पुढचा ट्रॅक, म्हणजे येत्या काही भागांचं कथानक, हातात आला. नायिकेच्या मुलाला शेतात नाग चावतो. नवरा गाडी काढतो, तर सासूबाई दारात आडव्या: 'आधी देवळात!' भगत मंतरलेलं पाणी पाजतो, गंडा बांधतो, पोरगं डोळे उघडतं. मग नवरा सगळ्या गावासमोर हात जोडून म्हणतो, की शिकून मी आंधळा झालो होतो. प्रेक्षकांना खिळवून ठेवणारा भागाचा हुक म्हणून हेच वाक्य ठळक करून पाठवलंय, आणि ते मी फुलवायचं आहे.

कॉलेजपासून मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची चित्रं घेऊन शाळाशाळांतून फिरले आहे. विष अंगात गेलं असेल तर त्यावर प्रतिविषाचं इंजेक्शनच लागतं, आणि ते दवाखान्यातच मिळतं. भगताकडे 'बरी' झालेली माणसं बहुतेक बिनविषारी साप चावलेली असतात, किंवा सापाने विष सोडलेलंच नसतं. 2013 साली डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे आमच्या सासूबाई आणि भगत जे करतात तेच, आणि आम्ही त्याला आरतीचं संगीत लावणार.

वाहिनीच्या बाई प्रेमाने म्हणाल्या, "अगं, खाली पट्टी टाकतोय ना, अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही म्हणून." पट्टी कोण वाचतं? पोरगं उठून बसताना सगळं घर टीव्हीकडे बघत असतं. मी पर्याय दिला होता: मुलाला दवाखान्यात न्या, प्रतिविष द्या, रात्रभर बाहेर बाकड्यावर आजी जप करत बसू दे. श्रद्धाही राहते, ताणही राहतो. उत्तर आलं, देवीचा ट्रॅक चालतोय, त्याला डॉक्टर नको.

सेटवरचे ज्येष्ठ मला निळूभाऊंचं, म्हणजे निळू फुल्यांचं, उदाहरण देतात. राष्ट्र सेवा दलाचा माणूस, आयुष्यभर पडद्यावर बेरकी सरपंच नि पाटील रंगवले, म्हणून त्यांची निष्ठा कमी झाली का? मला निळूभाऊंबद्दल अपार आदर आहे, म्हणूनच हे उदाहरण पटत नाही. त्यांच्या पाटलाची लोकांना चीड यायची, गोष्ट पाटलाच्या बाजूने नसायची. इथे गोष्टच भगताच्या बाजूने आहे. भगत धूर्त दाखवा, त्याचे संवाद मी आनंदाने लिहीन. अभिनेते अमोल कोल्हे यांचंही आठवतं. 2017 मध्ये चित्रपटात केलेली नथुराम गोडसेची भूमिका जानेवारी 2022 मध्ये लोकांसमोर आली, तोवर ते खासदार झाले होते. शरद पवारांनी कलाकार म्हणून त्यांची पाठराखण केली, तरी त्यांनी आळंदीला जाऊन आत्मक्लेश केला. केलेलं काम असं वर्षांनी पुढ्यात येतं. उद्या एखाद्या शाळेत मुलगी उठून म्हणाली, 'ताई, तुमच्याच मालिकेत तर मंत्राने बरा झाला', तर तिला मी काय सांगू?

सोडून दे म्हणणं सोपं आहे. पैसे नव्वद दिवसांनी हातात येतात, म्हणजे आज सोडलं तर जुनी बिलं येत राहतील आणि मग एकदम थांबतील. घराचा हप्ता माझ्या नावावर आहे. तो ट्रॅक संपेपर्यंत दुसऱ्याकडून लिहून घे, नाव काढून घे, असंही सुचवलं गेलं. नाव काढलं तरी ते भाग दिसणारच आहेत, शिवाय गळ्यात पडेल एखाद्या नव्या पोराच्या, ज्याला नाही म्हणायची सोयच नाही.

तर विचारायचं हे: एखादा ट्रॅक नाकारून मालिकेत टिकलेलं कुणी आहे का? बोलणं निर्मात्याशी केलंत की थेट वाहिनीशी? श्रेयाची किंवा थकलेल्या पैशांची तक्रार लेखक संघटनेकडे नेता येते, हे माहीत आहे. पण पुढच्या करारात 'अमुक विषय लिहिणार नाही' असं कलम कुणी घालून घेतलंय का, आणि त्याचे शब्द काय होते? वकिलाकडून तपासून घेतलेला मसुदा असेल तर फारच बरं.

बुधवारी मीटिंग आहे. इथे उघड लिहिणं अडचणीचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नाव कुठेही जाणार नाही.